बॅगेसकट वजन

मॉरिशसचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं ते कावेरीअक्कांमुळे. कावेरीअक्का म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. अर्धापुरातच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहतात. त्यांना एकच मुलगी, राजकन्या. जावई विरूपाक्ष तिकडे मॉरिशसला समुद्रकाठच्या एका हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळतो. मागच्या आषाढात राजकन्येला तिथेच मुलगी झाली. बाळंतपणाला अक्कांनी जायचं ठरलं होतं, पण पासपोर्ट अडकला. आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. ते निस्तरून पासपोर्ट हातात पडला तोवर नातीला दोन दात आले होते. आणि जावयाचा करार आणखी तीन वर्षांसाठी वाढला होता.

मालक म्हणाले, "अक्का, आता पासपोर्ट हाय, तर जाऊन ये."

"एकली?" अक्का म्हणाल्या. "त्या इमानात मला पाणी लागलं तर कुणाला मागू? मी न्हाई जायची."

मग मालकांनी ते मनावर घेतलं. आमच्या गावच्या केळीवाल्यांपैकी कधीपासून कुणी ना कुणी म्हणतच होतं, एकदा बाहेरदेश बघू. माझं माहेर रेणापूरचं, तिकडूनही माझे भाऊ वैजनाथ आणि त्यांचे शेजारी तयार झाले. सत्तावीस माणसं अर्धापूरची, अकरा रेणापूरची. नांदेडला आदिनाथ म्हणून ओळखीचा मुलगा प्रवासाचं ऑफिस चालवतो, त्यानं सगळं जमवलं. फिरायला चाललेली मंडळी समुद्र बघणार होती, मी तिथल्या गंगा तलावाच्या काठी महादेवाचं दर्शन घेणार होते. पण खरं सांगायचं तर ही सगळी वरात अक्कांना नातीपर्यंत पोचवायला निघाली होती.

माझं म्हणाल तर माझा नेम साधा आहे. सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाणी पीत नाही आणि सोमवारी एकदाच, संध्याकाळी जेवते. सतरा वर्षं झाली. तो परदेशातही मोडू नये एवढंच मी देवाला सांगून ठेवलं होतं.

जायच्या महिनाभर आधी आदिनाथ अर्धापूरला आला. मालक केळीच्या शेडमध्ये होते. त्यांचा धंदा केळी भरून बाहेरगावी धाडायचा. मी चहा घेऊन गेले तेव्हा आदिनाथ कॅरेटवर बसून सांगत होता.

"काका, कंपनीनं विमान बदललं. आपल्याला सीटांमधून दोन वाटा असलेलं मोठं देणार होते, ते दुसरीकडं लावलं. आता एका वाटेचं लहान देऊन राहिलेत."

"कामून?"

"माघात तिकडं गर्दी नसती. तीनशेचं विमान आन माणसं दीडशे. न्हाई परवडत त्यांना."

"बरोबर हाय की," मालक म्हणाले. "अर्धा ट्रक दिल्लीला कोण धाडंल? मी बी पिकअपच लावीन."

"पण पिकअपला वाटंत कुठं बी डिझेल मिळतं काका. इथं मुंबई सोडली की साडेसहा तास खाली नुसता समुद्र. आन उतरायचं ते एक बेट. तिथं वारं-वावधान असलं तर दुसऱ्या बेटापर्यंत जायचं तेल संगं पाहिजे. वर घिरट्या घालायला पाहिजे ते निराळंच. लहान विमानात तेल पुरं भरलं की वजनाची हद्द लागती. मग ते मागच्या काही सीटा रिकाम्या ठेवतात."

"म्हणजे तेलाला सीट द्यायची."

"तसंच समजा. म्हणून मोठ्या ग्रुपचं खरं वजन मागून राहिलेत. अंदाजानं न्हाई चालत."

वजन म्हटल्यावर मालकांचा चेहरा उजळला. तीस वर्षं काट्यापाशी उभं राहिलेलं माणूस ते. त्यांनी आदिनाथच्या हातून फॉर्म घेतला आणि म्हणाले, "हे माझ्यावर सोड."

पुढच्या रविवारी सगळ्या अडतीस जणांना शेडमध्ये बोलावलं. रेणापूरची मंडळीही जीप करून आली. ज्याची त्याची बॅग भरून आणायची, असा मालकांचा निरोप होता. केळीच्या कॅरेटच्या जागी एकेक माणूस काट्यावर उभं राहिलं, हातात बॅग धरून. मालक आकडा वाचायचे, मी वहीत लिहायची.

वैजनाथनं विचारलं, "दाजी, बॅग खाली ठेवायची का?"

"गाडीला माणूस येगळा आन बॅग येगळी असती का? भरती वजन एकदाच घ्यायचं."

माझी भावजय सिद्धम्मा अंगानं भरलेली आणि तोंडानं त्याहून. ती काट्यावर चढून म्हणाली, "मला तर हेच बरं. आकडा मोठा आला तर बॅगेवर ढकलता येतो."

अक्कांची बॅग उचलायला मला हात लावावा लागला. डिंकाचे लाडू, मेतकूट, लेकीसाठी आणि नातीसाठी दोन गोधड्या, बाळाची टोपडी, आणि तळाशी काय काय देव जाणे. मालकांनी सांगितलं, मी लिहिलं: एकाहत्तर. त्या माझ्या डोळ्यांदेखत काट्यावर उभ्या होत्या, काडीसारख्या. एकाहत्तर लिहिताना माझा हात अडखळला नाही, ही माझी चूक. पुढचं माणूस काट्यावर चढलं होतं आणि मी त्याचं नाव शोधत होते.

आदिनाथनं ती यादी जशीच्या तशी पुढे पाठवली. त्याला वाटलं, इतक्या वर्षांचे काटेवाले, हे काय चुकणार.

जायला बारा दिवस राहिले असताना संध्याकाळी त्याचा फोन आला. मालकांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. आदिनाथ नेहमीसारखा भरभर बोलत नव्हता.

"काका, आपला ग्रुप वजनाला लई बसला. कंपनीनं पाच सीटा काढून घेतल्या. नवरा-बायको तोडत न्हाईत ते, म्हणून एकटी एकटी होती ती पाच नावं काढली."

 एकट्या म्हटल्यावर पहिलं नाव कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती.

मी पुढे होऊन म्हटलं, "आदिनाथ, माझं नाव काढ बाबा. माझ्या जागी अक्कांना घे."

"काकू, तिकिटावर नाव बदलत न्हाई. अक्कांचं नाव त्यांनी उतरवलं हाय. आता तुम्ही उतरलात तर पाचाचे सहा होतील, बाकी काय न्हाई."

"मागनं दुसऱ्या विमानानं?"

"एकली जातील का त्या?"

त्याचं उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. उद्या दुपारी बारापर्यंत यादी कायम होणार, त्याच्या आत काही असलं तर सांगा, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मालक अक्कांकडे सांगायला गेले ते पाच मिनिटांत परत आले. म्हणाले, "ऐकलं तिनं. माझ्यासाठी चहा ठेवायला उठली."

दुसऱ्या दिवशी सोमवार. पूजा आटोपून मी तीर्थ घेतलं, आणि दारात अक्का उभ्या. बॅग त्यांनी आमच्या सालगड्याकडून आणवली होती.

"नीला, मी न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या. "पर एवढं तरी तिला पोचव. सगळं न्हाई मावायचं तुझ्या बॅगंत, मला कळतं. लाडू आन टोपडी ठेव, गोधड्या राहू दे."

त्यांचे डोळे कोरडे होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "चला, शेडमध्ये वजन करू. जितकं बसेल तितकं सगळं नेते."

शेडच्या दुसऱ्या टोकाला मालक माणसांकरवी गाडी भरून घेत होते. आम्ही बॅग ओढत काट्यावर ठेवली. लाल आकडा आला: बावीस. मी बॅग उतरवून चेन उघडली आणि काय ठेवायचं, काय काढायचं ते बघू लागले. अक्कांचे गुडघे दुखतात. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या काट्याच्या पाट्यावरच टेकल्या.

मी मान वर केली. त्यांच्या डोक्यावरच्या खांबावर आकडा लागला होता. एकोणपन्नास.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. मला वहीतलं माझं अक्षर दिसलं, एकाहत्तर. एकोणपन्नास आणि बावीस.

अक्का उठायला लागल्या. मी म्हटलं, "उठू नका."

"काय झालं? मोडला का काटा?"

"न्हाई. तुम्ही फक्त बसून राहा."

मी मालकांकडे गेले. चारचौघांत, त्यातही त्यांच्या माणसांसमोर, मी त्यांना कधी काही सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं.

"अहो, आदिनाथला फोन लावा. फॉर्मवर माणसाचं वजन मागितलं होतं की बॅगेसकट?"

"माझा काटा चुकत न्हाई," ते गाडीकडे बघतच म्हणाले.

"काटा बरोबरच हाय. आपण माणसं बॅगेसकट उभी केली, ते चुकलं."

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काट्यावर बसलेल्या अक्कांकडे, मग वर आकड्याकडे. खिशातून फोन काढताना त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

आदिनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, फॉर्मवर 'प्रवाशाचं वजन' लिहिलं हाय. बॅगेचं वजन ते माणशी वरून धरतातच."

"म्हणजे बॅग दोनदा गेली."

"दोनदा गेली. अडतीस बॅगा." त्यानं श्वास घेतला. "किती वाजले? साडेदहा. बाराच्या आत मला नवी यादी द्या. अंगावरचे कपडे, पायातलं पायताण, बस. बॅग नको, पिशवी नको. मी त्यांना धरून ठेवतो."

मालकांनी गाडीचं भरणं थांबवलं. केळीची भरती त्यांनी मधेच थांबवलेली मी तेवढी एकदाच पाहिली. एकेकाला फोन गेले. कुणी बागेतून मोटारसायकलवर आलं, पाय चिखलाचे. कुणी अर्धी दाढी करून आलं. एक काका नातवाला कडेवर घेऊन काट्यावर चढले, त्यांना उतरवून परत चढवलं. मालक आकडा सांगत होते, मी लिहीत होते. या वेळी मी प्रत्येक आकड्याबरोबर माणसाच्या तोंडाकडेही बघत होते.

रेणापूरच्या अकरा जणांना वैजनाथनं मोंढ्यात, धान्याच्या बाजारातल्या आडतीवर नेलं. तिथून सिद्धम्माचा फोन मला आला.

"नीलाताई, दाजींना सांगा, मी माझं वजन तोंडानं सांगते. इथं सगळे हमाल उभे हाइत."

"तोंडी चालत न्हाई गं. उभी राहा एकदा."

"राहिले समजा. बासष्ट."

"दादाला दे फोन."

"ते बाहेर गेलेत. बासष्ट लिहा."

मी बासष्ट लिहिलं. सोमवारच्या दिवशी, पूजा करून उठलेल्या हातानं. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते आणि मला सिद्धम्माशी वाद घालायला वेळ नव्हता. असं मी देवाला सांगितलं.

पावणेबाराला वहीच्या पानांचे फोटो गेले. बेरीज आधीपेक्षा सव्वासहाशे किलोनं कमी भरली. मालकांनी वही मिटली. मग अक्कांपाशी जाऊन खाली बसले.

"अक्का, चूक माझी हाय. मी भरती वजन घेतलं."

"आणि मी डोळे मिटून लिहिलं," मी म्हटलं.

अक्कांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "बरं झालं अमृत," त्या मालकांना म्हणाल्या, "मी जिती असताना कळलं. न्हाईतर दहाव्याला सांगत बसला असतास, बहीण लाडवानं मागं राहिली म्हणून."

शेडमधली माणसं हसली. मालकांनाही हसावं लागलं.

दुपारी फोन आला नाही. तीनला नाही, चारला नाही. अक्का आमच्याकडेच थांबल्या. मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं तर म्हणाल्या, "तुझा सोमवार हाय ना, मग मी बी संध्याकाळी तुझ्यासंगं." दोघींनी मिळून दोन शेर तूर निवडून टाकली, निवडलेलीच पुन्हा निवडली. साडेपाचला आदिनाथचा फोन आला, आणि या वेळी तो त्याच्या नेहमीच्या भरभर आवाजात बोलत होता.

"पाचही नावं परत चढली काका. पण एक हाय. विमानतळावर एकेकाला काट्यावर उभं करणार. यादीपेक्षा जास्त भरलं तर तिथंच माणसं मागं ठेवतील, आन परत तेच पाच."

अक्का उठून आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. जाऊन बघते तर चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. "भूक लागली गं," एवढंच म्हणाल्या.

पुढचे दिवस बाकीचे लोक टोप्या आणि काळे चष्मे विकत घेत होते आणि मी बासष्टचा विचार करत होते. मालकांना सांगायचं धाडस झालं नाही.

रेल्वे मुंबईला दोन तास उशिरा पोचली, म्हणून उतरायला घेतलेल्या खोल्यांवर न जाता आम्ही थेट विमानतळावर गेलो. आंघोळ राहिली, पूजा राहिली. एका बाजूला बसून पूजा करता आली असती. मनच थाऱ्यावर नव्हतं. गळा सुकला होता, तो तसाच राहू दिला.

काउंटरवर एक मुलगी होती, नांदेडच्या कॉलेजातल्या पोरींसारखीच, फक्त केस घट्ट बांधलेले. ती एकेकाला काट्यावर बोलवायची, आकडा काँप्युटरात टाकायची आणि काही बोलायची नाही. माझी पाळी झाली. मग सिद्धम्मा चढली. आकडा लागला: सत्तर.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. सिद्धम्मा खाली उतरून माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आडतीचा काटा हलका हाय वाटतं."

शेवटी ते पाच जण. त्यातल्याही शेवटी अक्का. अठ्ठेचाळीस. मुलीनं आकडा टाकला, पडद्याकडे बघितलं, कुणाला तरी फोन लावून हळू आवाजात बोलली.  अक्कांनी पदर दोन्ही हातांनी धरला होता आणि त्या माझ्याकडे किंवा मालकांकडे नाही, त्या मुलीच्या ओठांकडे बघत होत्या.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "एकोणीस किलो कमीच आहे तुमच्या ग्रुपचं." आणि तिनं अक्कांच्या पासपोर्टात विमानात बसायचा लांब कागद घालून त्यांच्या हातात दिला.

माझा हिशेब जुळेना. बासष्टचे सत्तर झाले, मग कमी कसं? मालक पुढे चालत होते. मी गाठून विचारलं, तर म्हणाले, "अर्धापूरच्या सत्तावीस जणांचा आकडा मी एकेक किलो वाढवून सांगितला होता तुला. केळीत पलीकडचा व्यापारी आपल्या वजनातनं तूट काटतो. एकदा तरी आपण आधीच धरून ठेवावी म्हटलं."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तू लिहिलं नसतंस."

ते खरं होतं. मी नसतंच लिहिलं. पण सिद्धम्माचं मी लिहिलं होतं, आणि ते मी त्यांना तिथंच सांगून टाकलं. ते चालता चालता थांबले आणि मग इतके हसले की मागून येणाऱ्यांना थांबावं लागलं.

विमानात एकच वाट होती, दोन्हीकडे तीन-तीन जागा. शेवटच्या तीन ओळी रिकाम्या, पट्टे बांधून ठेवलेले. अक्कांना त्या दिसल्या.

"अमृत, एवढी जागा मोकळी हाय. तिथं आडवं होता येईल का?"

"तिथं तेल बसलंय अक्का."

अक्का थोड्या थोड्या वेळानं मागे वळून त्या रिकाम्या ओळींकडे बघत होत्या, जणू तिथं खरंच कुणी बसलं आहे.

जमीन सुटली. खाली निळं, वर निळं. आमच्या गोदावरीला पूर आला की पलीकडचा काठ दिसेनासा होतो, तेवढंच पाणी मी आजवर बघितलं होतं. आमच्या स्वामींनी सांगितलं होतं की पाणी नसेल तिथं विभूतीचं स्नान चालतं. मी कपाळाला, दंडाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि मांडीवर हात ठेवून पूजा केली. विमान जरा हलत होतं. अक्कांनी न सांगता माझ्या मनगटाखाली आपला हात आधाराला धरला. पूजा झाल्यावर मी मोठा पेलाभर पाणी प्यायले. इतकं गोड पाणी मला आठवत नाही.

उतरल्यावर शिक्के मारून घेण्यात तास गेला. बाहेर आलो तर कठड्यापलीकडे राजकन्या उभी होती, कडेवर मुलगी. राजकन्या दोन्ही डोळे पुसत होती आणि नात आमच्या अडतीस जणांच्या गर्दीकडे तोंड उघडून बघत होती. अक्कांनी हातातलं सगळं खाली ठेवलं आणि नातीला घेतलं. पोरगी रडली नाही. तिनं अक्कांच्या कानातलं फूल मुठीत धरलं आणि ओढायला लागली. अक्कांनी तिला ओढू दिलं.

"आई," राजकन्या म्हणाली, "लई तरास झाला का गं यायला?"

अक्कांनी मान हलवली. "कशाचा तरास," त्या म्हणाल्या. "बसले आन आले."